‘कामं सोडून कुठं येता?’ : मजुरी, वेळ आणि ग्रामसभा

बीड जिल्ह्यातल्या एका उपसरपंच ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावात साडेतेराशे मतदार, पण ग्रामसभेला येतात तीस-चाळीस माणसं. गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे पुढच्या वेळी दहा-बारा जण बसून वर्षाचे ठराव करून टाकतात. लोकांना विचारलं तर एकच उत्तर मिळतं, ‘कामं सोडून कुठं येता?’ ताई विचारतात, लोकांनाच लोकशाहीचं काही वाटेनासं झालंय का? की हातावर पोट असलेल्या माणसाचं आणि लोकशाहीचं कधी जमलंच नव्हतं?

ताई, मी तीस वर्षांहून जास्त काळ मराठवाड्यात रोजगार हमीच्या आणि ऊसतोडीच्या मजुरांबरोबर काम करतोय. लोक उदासीन आहेत हे मला कधीच पटलं नाही. सभेला यायला, ऐकायला, विचारायला, भांडायला वेळ लागतो, आणि हा वेळ कुणाच्याही मजुरीत धरलेला नसतो. रोजंदारीवरच्या माणसाला ग्रामसभेचे तीन तास म्हणजे अर्धी हजेरी. पगारदाराला आणि बागाइतदाराला ते तीन तास फुकट पडतात, मजुराला ते विकत घ्यावे लागतात. हा वेळ कुणी मिळवला, कसा मिळवला आणि कुणाकडून कसा काढून घेतला गेला, यावर कामाचा आणि लोकशाहीचा सगळा इतिहास उभा आहे.

तुमचा गणपूर्तीचा प्रश्नही अडीच हजार वर्षं जुना आहे. ग्रीसमधल्या अथेन्स शहरात नागरिकांची सभा भरायची आणि तिथेही माणसं जमायची नाहीत. बाजारात रेंगाळणाऱ्यांना सभेकडे हाकलण्यासाठी लाल रंगात भिजवलेली दोरी फिरवत. जो मागे राहील त्याच्या कपड्याला रंग लागायचा. ॲरिस्टॉटलसारख्या विचारवंताचं मत असं होतं की उत्तम राज्यात कारागिराला आणि मजुराला नागरिक करूच नये, कारण त्याला निवांतपणा नसतो. अथेन्सच्या लोकांनी प्रत्यक्षात याच्या उलट केलं. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या काळात न्यायसभेत बसणाऱ्यांना दिवसाचा भत्ता सुरू झाला. पुढे इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास सभेला येणाऱ्यालाही पैसे द्यायला लागले. आधी एक ओबोल (तिथलं छोटं नाणं), मग दोन, मग तीन. पूर्ण दिवसाच्या मजुरीपेक्षा ही रक्कम कमीच होती, पण चांभाराला आणि नावाड्याला दुकान बंद ठेवून येणं परवडू लागलं. बायका, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक मात्र या हिशेबात नव्हते. कुणाच्या तरी फुकटच्या राबण्यावर दुसऱ्याचा निवांतपणा उभा होता, हेही त्याच इतिहासात आहे.

इंग्लंडमधल्या कामगारांनी १८३८ मध्ये जी सनद मांडली, तिच्या सहा मागण्यांत मताच्या अधिकाराबरोबर एक मागणी अशी होती की निवडून आलेल्या सभासदाला पगार द्या. कारण उघड आहे. पगार नसेल तर गिरणीतला माणूस निवडून येऊनही संसदेत बसू शकणार नाही. ती मागणी मान्य व्हायला १९११ साल उजाडलं.

आता आपल्या गावाकडे या. जुन्या गावगाड्यात निर्णय चावडीवर व्हायचे. पाटील, कुलकर्णी, चार वतनदार बसायचे. सभा आहे हे घरोघर सांगायचं काम येसकराचं, म्हणजे महारवाड्यातल्या ज्याची पाळी असेल त्याचं. तो सगळ्या गावाला बोलवायचा आणि स्वतः चावडीच्या खाली, लांब उभा राहायचा. ही गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटते. त्याला सभेपासून दूर ठेवलं ते जातीने, हे खरंच आहे. पण त्या जातीला काम जोडलेलं होतं आणि त्या कामाला तासांची मर्यादाच नव्हती. रात्री सरकारी कागद पोचवायचा असो, अधिकाऱ्याचं सामान वाहायचं असो की मेलेलं जनावर ओढायचं असो, हाक आली की निघायचं. वतनाच्या नावाखाली माणसाचा सगळा वेळ गावाच्या मालकीचा होता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, त्याच्या मुळाशी हेच होतं. स्वतःचा वेळ स्वतःचा नसलेला माणूस नागरिक कसा होणार?

मराठवाडा तर तेव्हा निजामाच्या राज्यात. वेठबिगार इथे रोजची होती. दौऱ्यावर अधिकारी आला की लाकूडफाटा, कडबा, ओझी वाहायला माणसं फुकट धरायची. शेतात सालगडी. पाडव्याला साल धरायचं, आगाऊ पैसे घ्यायचे आणि पुढच्या पाडव्यापर्यंत पहाटेपासून रात्रीपर्यंत मालकाच्या वाड्यावर राबायचं. सालगडी आजही आहेत, पण ज्या मालकाकडे साल आहे तोच सभेचा अध्यक्ष असेल तर सालगडी काय बोलणार, हा तेव्हाचा प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही.

निजामाने १९३९ मध्ये ज्या राजकीय सुधारणा जाहीर केल्या, त्यांची फार चर्चा होत नाही. विधिमंडळातले प्रतिनिधी गाव-तालुक्याच्या मतदारसंघातून निवडण्याऐवजी व्यवसायाप्रमाणे निवडायचे, अशी ती कल्पना होती. जमीनदार वेगळे, व्यापारी वेगळे, वकील वेगळे, डॉक्टर वेगळे, मजूर वेगळे. वरवर पाहिलं तर कामाला मान दिल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येकाला त्याच्या धंद्याच्या खोपटात कोंडणं होतं. मूठभर असलेला धंदा आणि लाखोंचा धंदा एकाच मांडवात बसवला की लाखोंच्या संख्येला किंमतच उरत नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली चाललेला हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा जबाबदार राज्यपद्धतीसाठी होता. असल्या सुधारणांनी त्यांचं समाधान होणं शक्यच नव्हतं.

ब्रिटिश मुलखातही १९३५ च्या कायद्यात मत कुणाला, तर जमीनमहसूल भरणाऱ्याला, कर भरणाऱ्याला, शिकलेल्याला. काम करणं ही पात्रता नव्हती, मालकी ही पात्रता होती. म्हणून १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपल्यानंतर, १९५२ च्या निवडणुकीत मराठवाड्यातला सालगडी आणि त्याचा मालक एकाच रांगेत उभे राहिले, ही किती मोठी उडी होती ते आज लक्षात येत नाही. राज्यघटनेचं कलम २३ वेठबिगारीला बंदी करतं आणि कलम ३२६ प्रत्येक प्रौढाला मत देतं. मी ही दोन कलमं शिबिरात कायम जोडीने वाचतो. पहिल्याने वेळ मोकळा केला, दुसऱ्याने त्या वेळेला अधिकार दिला. पहिलं अर्धवट राहिलं की दुसरं लंगडं पडतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी हेच बजावलं होतं, की राजकारणात समानता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता राहील.

वेळ मिळवण्याची लढाई शहरातल्या कामगारांनी आधी लढली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली. सुट्टी मिळाली तेव्हा सभा भरू लागल्या. युनियन, वाचनालय, तमाशाचा फड, भजनी मंडळ, सगळं त्या एका मोकळ्या दिवसावर उभं राहिलं. पुढे बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, त्या काळात झालेल्या कामाचं फळ म्हणून १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. ही सगळी कमाई कारखान्याच्या दारापर्यंतच थांबली. शेतमजुराला रविवारही नाही आणि आठ तासही नाहीत. त्याचा रविवार म्हणजे आठवडी बाजार. त्या दिवशी कामाला सुट्टी आणि हातात मजुरी. हे ध्यानात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर काम आणि लोकशाही यांची खरी गाठ पडली ती दुष्काळात. १९७२ चा दुष्काळ आमच्या आधीच्या पिढीने अंगावर काढला. खडी फोडायची, सुकडी खायची, परदेशातून आलेली मिलो ज्वारी दळायची. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हे हाल झाले, यात दुमत नाही. पण त्याच खडीच्या ढिगाऱ्यांवर पहिल्यांदाच वेगवेगळ्या वस्तीतली, वेगवेगळ्या जातीची बायामाणसं एका कामावर, एका दराने, एका मुकादमाच्या हाताखाली आली. एरवी ज्यांनी कधी एकमेकांच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली नव्हती, त्यांनी मजुरी थकली म्हणून एकत्र तहसीलवर मोर्चे नेले.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला गावात काम पुरवण्याचा जो प्रयोग केला होता, त्यातून आणि दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा तयार झाला. विधिमंडळाने तो १९७७ मध्ये केला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. पैसा कुठून आला, तर शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून आणि त्यात सरकारने घातलेल्या भरीतून. मला या कायद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती एक साधी अट. नवीन काम सुरू करायचं असेल तर ५० मजुरांनी मिळून मागणी करायची.

पन्नास नावं गोळा करून पाहिल्याशिवाय या अटीचं महत्त्व कळत नाही. एका वस्तीत पन्नास भरत नाहीत. मग तांड्यावर जावं लागतं, वडारवाड्यात जावं लागतं, मराठ्यांच्या कोरडवाहू घरांत जावं लागतं. पहिली सही कुणी करायची यावर तास जातो, कारण सुगीत स्वस्तात मजूर हवा असलेला मालक नाराज होणार हे सगळ्यांना माहीत असतं. अर्ज घेऊन तहसीलला गेलं की खिडकीवरचा माणूस म्हणतो, ‘ठेवून जा.’ तिथे ठाम उभं राहून ‘पोच द्या’ म्हणायचं. पोच मिळाली नाही तर अर्ज केल्याची तारीखच सिद्ध होत नाही. पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता मागायचा, आणि भत्त्याचा दावा त्या तारखेवरच उभा असतो. मी अनेक बायकांना सही करायला शिकताना पाहिलं, ते मतदानासाठी नव्हे, पोच वाचता यावी म्हणून.

एक प्रसंग सांगतो. नव्वदच्या दशकातला उन्हाळा, आष्टी तालुक्यातलं पाझर तलावाचं काम. दुपारची सुट्टी झालेली, लिंबाच्या सावलीत भाकरीची गठुडी सुटलेली. मस्टर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं असा आमचा आग्रह होता आणि त्या दिवशी हजेरी घेणारा कारकून कसाबसा तयार झाला. तो नावं वाचत चालला. सातवं-आठवं नाव आलं आणि चुंबळ मांडीवर घेऊन बसलेली एक बाई उठून उभी राहिली. ती म्हणाली, ‘त्या आठवड्यात मी माहेरी होते. माझा बाप वारला होता. मग त्या रकान्यात अंगठा कुणाचा उठला?’ कुणीच काही बोललं नाही. कारकुनाने पान उलटायला बोट लावलं, तर शेजारच्या म्हातारीने त्याचा हात धरला आणि म्हणाली, ‘थांब बाबा, पुन्हा वाच. पहिल्यापासून वाच.’

त्या दुपारी काम अर्धा दिवस बंद राहिलं. चार नावं अशी निघाली की ती माणसं कामावर आलेलीच नव्हती, त्यातला एक तर पुण्याला हमाली करत होता. चौकशी लागली, थोडीफार वसुली झाली. पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. हीच बाई त्याआधी ग्रामसभेला कधी आलेली नव्हती. ‘सभा पुरुष माणसांची’ असं ती म्हणायची. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टच्या सभेत ती मारुतीच्या पारापाशी मागे उभी होती आणि हातपंपाच्या दुरुस्तीचा खर्च निघाल्यावर तिने तोच प्रश्न विचारला, शब्दही जवळजवळ तेच, ‘पुन्हा वाचा. पहिल्यापासून वाचा.’ तिला हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. ती कामावर शिकली होती.

म्हणून मी म्हणतो, काम माणसाला सभेपासून लांबही नेतं आणि सभेत बोलायलाही शिकवतं. कोणत्या अटींवर काम होतं त्यावर ते ठरतं. जिथे मोजमाप उघड्यावर होतं, दर माहीत असतो, हजेरी वाचून दाखवली जाते आणि मजुराला प्रश्न विचारला तरी दुसऱ्या दिवशी काम मिळण्याची खात्री असते, तिथे नागरिक तयार होतो. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याने कामांची निवड आणि सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे दिलं, ते याच अनुभवातून आलेलं शहाणपण होतं.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. कामांचं रूप बदललं. मोठा पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ता अशी शंभर-दोनशे माणसांची कामं मागे पडली आणि सिंचन विहिरी, शेततळी, गोठे अशी एकेका लाभार्थ्याची कामं पुढे आली. विहीर गरजेची आहे, मी स्वतः कितीतरी विहिरींसाठी भांडलो. पण विहिरीवर चार माणसं असतात आणि अनेक ठिकाणी खोदाई यंत्राने होते, नावं मात्र जॉबकार्डावरची लागतात. मजुरी थेट बँकेत गेली, त्याने मधली गळती कमी झाली आणि ते चांगलंच झालं. पण पगाराच्या दिवशी लिंबाखाली सगळे जमायचे, एकमेकांचा हिशेब ऐकायचे, तो जमाव संपला. त्याच्या जागी दुसरं काही उभं करायला आम्हीही कमी पडलो.

आणि बीडमध्ये रोजगार हमीपेक्षा कितीतरी मोठं काम म्हणजे ऊसतोड. ताई, तुमच्या गावातून किती कोयते जातात ते तुम्ही लिहिलं नाही, पण साडेतेराशे मतदारांच्या डोंगरपट्ट्यातल्या गावातून शे-दीडशे कोयते सहज जात असतील. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. म्हणजे दोन-तीनशे मतदार दसरा-दिवाळीनंतर गावातून उठतात आणि पाडव्याच्या आसपास परत येतात. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत दिवस आपला नाही आणि रात्रही आपली नाही. पहाटे तीन-चारला फडात जायचं, आणि ट्रक रात्री अकराला आला तर अकराला मोळ्या भरायच्या. कामाचे तास असा शब्दच तिथे लागू होत नाही. एक दिवस गेला नाही तर वहीत खाडा लिहिला जातो.

आता या कामाचं वेळापत्रक आणि लोकशाहीचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहा. ग्रामपंचायतींच्या निवडणुका १५ जानेवारी २०२१ ला झाल्या, पुढची मोठी फेरी १८ डिसेंबर २०२२ ला. दोन्ही वेळा गाळप भर जोरात. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं आणि गाळप सुरू करायची तारीख ठरली होती १५ नोव्हेंबर. लोकसभेचं मतदान बीडला १३ मे २०२४ ला झालं, तेव्हा माणसं गावात होती. म्हणजे दिल्लीसाठी मत द्यायला मजूर घरी सापडतो आणि स्वतःच्या गावाचा सरपंच निवडायच्या दिवशी तो कोल्हापूर-सोलापूरच्या किंवा कर्नाटकातल्या फडात असतो. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखांचंही तसंच. २६ जानेवारीला ही सगळी माणसं कोपीत, म्हणजे तळावरच्या पाचटाच्या झोपडीत असतात.

लोकसभा-विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा कायदेशीर हक्क आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब तसं सांगतं आणि रोजंदारीवरच्या माणसालाही ते लागू आहे. मालकाने मोडलं तर दंड ५०० रुपयांपर्यंत. पण ऊसतोड मजुराचा मालक कोण? कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो मी तर फक्त माणसं पुरवतो. आणि मतदान शेकडो किलोमीटर लांब असेल तर एका दिवसाची सुट्टी काय कामाची? सैनिकाला टपालाने मत देता येतं, स्थलांतरित मजुराला नाही. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली होती, तीही तिथेच राहिली.

मग मजूर मत देतच नाही का? देतो. त्या २०२२ च्या डिसेंबरात मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या तळावर होतो. रात्री नऊच्या सुमाराला कोप्यांच्या ओळीसमोर दोन जीपा येऊन थांबल्या. एका पॅनेलने पाठवलेल्या. पाचटाच्या कोपीतून बाया निजलेली लेकरं तशीच उचलून बाहेर आल्या, एकीने चुलीवरचं कालवण झाकण लावून सोबत घेतलं. रात्रभर प्रवास, सकाळी मत, संध्याकाळी परतीचा प्रवास. मुकादमाने वहीत दोन दिवसांचे खाडे लिहिले. तो खाडा उमेदवार भरून देणार असं ठरलं होतं. मी एका ओळखीच्या गड्याला विचारलं, कुणाला देणार? तो म्हणाला, ‘ज्यांनी गाडी पाठवली त्यांना. आता दुसरं करायला तोंड आहे का आपल्याला?’ त्याचं मत गुप्त होतं, कुणी पाहणार नव्हतं. तरीही त्याला ते ऋण वाटत होतं. मताच्या हक्कासाठी लागणारा वेळ ज्याने विकत घेऊन दिला, मत त्याचं झालं. अथेन्सच्या लोकांनी सभेचा भत्ता सरकारी तिजोरीतून दिला, तो कुणा श्रीमंताने दिलेला नव्हता. या दोन्हींत किती फरक आहे ते मला त्या जीपच्या उजेडात नीट कळलं.

याच संदर्भात सहकारी साखर कारखान्याचाही विचार करा. सहकारात एक सभासद, एक मत. महाराष्ट्रात लोकशाहीचा एवढा मोठा आर्थिक प्रयोग दुसरा नाही आणि ऊस उत्पादकाला त्याने खरंच ताठ उभं केलं. पण सभासद कोण, तर ऊस पिकवणारा. जो ऊस तोडतो, बांधतो, डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवतो, त्याला कारखान्याच्या वार्षिक सभेत बसायची जागा नाही. चावडीवर बोलावणारा आणि चावडीखाली उभा राहणारा येसकर मला इथे आठवतो.

मजूर हे मुकाट सोसतो असंही नाही. हंगामाच्या तोंडावर कोयता बंदची हाक दिली जाते, ती बरोबर त्या वेळी जेव्हा कारखान्याला मजुराची गरज असते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली ती अशाच रेट्यातून. वाटाघाटी, प्रतिनिधी, मागण्या, करार हे सगळं मजूर तिथे करतो. म्हणजे लोकशाही त्याला येते. ती त्याच्या गावच्या सभेपर्यंत पोचत नाही, कारण सभा तो नसताना भरते.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे काम करणाऱ्या पोरांबद्दलही थोडं लिहितो, कारण तुमच्याच गावची पोरं तिथे असतात. कागदावर आठ तास आहेत, पण बारा तास केल्याशिवाय खोलीभाडं निघत नाही. त्यांचं नाव मतदार यादीत गावाला, घाम शहरात. दोन्हीकडच्या सभेत ती नसतात.

आता तुम्ही काय करू शकता ते लिहितो.

चार ग्रामसभा ही कायद्याने सांगितलेली किमान संख्या आहे. त्यापेक्षा जास्त घ्यायला कुणाची मनाई नाही. एक सभा दसऱ्याच्या आधी घ्या, कोयते निघण्यापूर्वी, आणि एक वैशाखात, सगळे परतल्यावर. दसऱ्याच्या आधीच्या सभेत विषय एकच ठेवला तरी चालेल. कोण जाणार, कोणत्या मुकादमाबरोबर, मागे राहणारी लेकरं आणि म्हातारी कुणाच्या भरवशावर, रेशन कुठे उचलायचं, शाळेचं काय. या नोंदी ग्रामपंचायतीच्या दप्तरात असल्या पाहिजेत. स्वतःच्या घराचा विषय निघाला की माणूस येतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. पाणंद रस्त्याच्या निविदेसाठी तो अर्धी हजेरी बुडवणार नाही आणि त्याने बुडवावी असंही मला वाटत नाही.

दिवस बाजाराचा धरा. बाजाराच्या दिवशी मजूर आधीच सुट्टीवर असतो, त्याची मजुरी बुडत नाही. सकाळी आठला सुरू करून साडेदहाला संपवा, म्हणजे बाजारही होतो. १५ ऑगस्टची सकाळ मात्र बायकांसाठी सगळ्यात वाईट, कारण खुरपणी ऐन भरात असते. कायद्याप्रमाणे आधी महिलांची सभा घ्यायचीच असते, ती कार्यालयात न घेता वस्तीवर, संध्याकाळी, भाकरी टाकून झाल्यावर घ्या. वेळ तुम्ही ठरवू नका, त्यांना विचारा.

तहकूब सभेची पळवाट तुम्ही स्वतः बंद करा. शंभर माणसं नसतील तर मोठ्या खर्चाचा ठराव पुढे ढकलायचा, एवढं तुम्ही आणि सरपंचांनी ठरवलं तरी पुरे. पहिल्या वेळी गावातली वजनदार मंडळी चिडतील. दुसऱ्या वेळी तीच मंडळी माणसं घेऊन येतील.

आमची एक जुनी मागणी आहे, ती तुम्हीही ठराव करून वर पाठवा. रोजगार हमीच्या कामावरच्या मजुराला ग्रामसभेच्या दिवशी अर्धी हजेरी धरून द्यावी. काही अधिकारी म्हणतात, सभेला यायचे पैसे दिले तर लोकशाहीचं मोल काय राहिलं? सदस्यांना बैठकीचा भत्ता मिळतो, आमदारांना अधिवेशनाचा भत्ता मिळतो, त्याने लोकशाहीचं मोल कमी झालं असं कुणी म्हणत नाही. मग मजुरालाच हा प्रश्न का?

आणि सभा सुरू झाली की मागच्या सभेचं इतिवृत्त आणि जमाखर्च पूर्ण वाचा. ‘वाचलं असं समजू’ हे वाक्य बंद करा. आम्ही काही गावांत हे वाचन तोडणीला जाणाऱ्या घरातल्या, आठवी-नववीत शिकणाऱ्या मुलीकडे दिलं. आई-बाप, आत्या, मावशी तिला वाचताना बघायला म्हणून आले आणि बसून राहिले. एका सभेत ती मुलगी आकडे भराभर वाचत होती, तेव्हा तिच्याच आजीने मागून तिला थांबवलं, ‘हळू वाच बाई. आमाला कळू दे.’